घरच्या संगणकाची सेवानिवृत्ती

सरकारी सेवेत निवृत्तीची तारीख रुजू होण्याच्या दिवशीच ठरते. सेवापुस्तकात जन्मतारीख नोंदवली की पुढचा हिशेब कोणीही करू शकतो. कर्मचाऱ्याला आपली देणीघेणी, मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज हे सारे त्या तारखेच्या बेताने आखता येते. माझ्या घरच्या संगणकाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. 2016 साली घेतलेले ते यंत्र 2025 च्या पावसाळ्यात अगदी धडधाकट होते. पत्रे लिहिणे, बँकेचे व्यवहार, मुलांशी दूरदृश्य संभाषण, सगळे सुरळीत चालले होते. अशा वेळी पडद्यावर सूचना येऊ लागली की 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला सुरक्षा-सुधारणा मिळणार नाहीत, आणि हे यंत्र विंडोज 11 साठी पात्र नाही.

द्वारकेत आमच्या सोसायटीत निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांचा भरणा मोठा आहे. त्या महिन्यात संध्याकाळच्या फेरफटक्यात निवृत्तिवेतन आणि गुडघेदुखी यांच्या जोडीला हा तिसरा विषय आला. ज्याच्या त्याच्या घरी तीच सूचना झळकत होती. मी जवळच्या बाजारातील एका दुकानात यंत्र दाखवले. दुकानदाराने ते उघडूनही पाहिले नाही. "सर, अब ये कबाड़ है, नया ले लीजिए. पुराना हम एक्सचेंज में रख लेंगे," असे सांगून तो मोकळा झाला. आतला मजकूर नव्या यंत्रात उतरवून देण्याचेही त्याने आश्वासन दिले. मी जवळजवळ होकार दिलाच होता.

अडले ते एका फोल्डरवर. माझी आई पाटण तालुक्यात शिक्षिका होती. वयाच्या सत्तरीत तिने आपल्या आठवणी वहीत लिहून काढल्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेला कोयनेचा भूकंप, त्यानंतर उघड्यावर भरलेली शाळा, 1972 च्या दुष्काळातील रस्त्याची कामे, असा तो सारा मजकूर. 2001 साली माझ्या धाकट्या भावाने तो पुण्यात संगणकावर टंकलिखित केला. पुढे घर बदलताना वही हरवली आणि आईही गेली. उरल्या त्या एकशे ऐंशी पानांच्या फाइली. दुकानातून परतल्यावर सावधगिरी म्हणून मी त्या पेनड्राइव्हवर घेतल्या आणि पुतण्याच्या नव्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या. पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे यांची एक अर्थहीन रांग तेवढी दिसत होती. आईच्या आठवणी वाचता येतील असे यंत्र घरात एकच होते, आणि तेच मी एक्सचेंजमध्ये द्यायला निघालो होतो.

हे असे का झाले, ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या हजारो मराठी घरांत आजही अशा फाइली पडून असतील. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, त्याला फक्त क्रमांक ठाऊक असतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर म्हणायचे याचा सर्वांना मान्य असा तक्ता असेल तरच एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर वाचता येतो. 1990 च्या दशकात मराठी टंकलेखनासाठी जी संगणक-प्रणाली बाजारात होती, तिच्यातील बहुतेक फाँट एक सोपी युक्ती वापरत. रोमन अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे आणि त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे काने, मात्रा, अर्धी अक्षरे यांची चित्रे बसवायची. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहतो, आपल्याला मात्र मराठी दिसते. तो विशिष्ट फाँट काढून घेतला की सोंग उतरते. शिवाय कोणत्या क्रमांकावर कोणते चित्र बसवायचे हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवले. त्यामुळे एकाची मराठी दुसऱ्याला वाचता येत नसे.

याला तांत्रिक पर्याय नव्हता असे म्हणता येणार नाही. 1991 मध्येच भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक आयएस 13194 या क्रमांकाने स्वीकारले आणि त्यात इन्स्क्रिप्ट कळफलकाचाही समावेश केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पूर्वीच्या आराखड्यावर बेतलेली होती. विंडोज 2000 मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली आणि 2001 च्या विंडोज एक्सपीमध्येही ती होती. पण एक्सपीमध्ये ती आपोआप चालू नसे. नियंत्रण-पटलावरील प्रादेशिक भाषांच्या सूचीत जाऊन संमिश्र लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि मग मूळ सीडी मागितली जाई. ती सीडी बहुतेकांच्या कपाटात नसे. ज्या काळात आमच्या कचेऱ्या मराठी फाँटवर पैसे खर्च करत होत्या, त्या काळात त्याच यंत्रांत मराठी विनामूल्य निजलेली होती. तिला जागे करण्यासाठी एका चौकटीत खूण करायची आहे, हे सांगणारे परिपत्रक माझ्या टेबलावर कधी आले नाही. आणि प्रांजळपणे सांगायचे तर, मीही ते काढले नाही.

त्या वर्षांत मी पाहिलेले दृश्य असे. एका विभागातील परिपत्रक दुसऱ्या विभागात ई-मेलने पोचे आणि उघडल्यावर त्याचा चिखल झालेला असे. मग दूरध्वनी होई, "साहेब, फाँट पाठवा." फाँट आला तरी तो आमच्या यंत्रावर बसेलच असे नाही. शेवटी मूळ कार्यालय परिपत्रकाची छापील प्रत काढून फॅक्स करी, आणि आमचा लिपिक ती समोर ठेवून पुन्हा टंकलिखित करी. एकच मजकूर मंत्रालय, आयुक्तालय, जिल्हा आणि तालुका अशा चार पायऱ्यांवर चारदा टंकला जाई, आणि प्रत्येक पायरीवर चुकांची एक नवी भर पडे. याला आम्ही संगणकीकरण म्हणत होतो. केंद्र शासनाने भारतीय भाषांसाठी युनिकोड हे ई-शासनाचे मानक म्हणून नोव्हेंबर 2009 मध्ये निश्चित केले. त्याच महिन्याच्या 6 तारखेला महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे आणि लिपीचे प्रमाणीकरण करणारा शासन निर्णय काढला. निर्णय योग्यच होते. पण तोपर्यंत जे लिहून झाले होते त्याचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक कार्यालयांनी आपल्यापुरता कपाटात बंद केला.

मराठी माणसाला या गोष्टीचा पूर्वानुभव आहे. कित्येक शतके आपले व्यवहार मोडी लिपीत चालले. विसाव्या शतकात मोडी आधी कचेऱ्यांतून आणि मग शाळांतून गेली. कागद मात्र राहिले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालच्या रुमाल आजही सुरक्षित आहेत, पण ते वाचणारे डोळे कमी आहेत. 1930 च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद देवनागरीत छापून निघाले, म्हणून तेवढे तरी सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आले. कागद वाळवीपासून वाचवला तरी तो वाचवला गेला असे होत नाही. तो वाचता आला पाहिजे. 1990 ते 2010 या काळातील जुन्या फाँटमधील मराठी ही आपल्या पिढीची मोडी आहे. फरक एवढाच की मोडी अस्तंगत व्हायला काही दशके लागली, आणि या मजकुराला एक दुकानदार अर्ध्या तासात पुसून टाकू शकतो.

आता संगणकाच्या अपात्रतेविषयी. विंडोज 10 ही कार्यप्रणाली जुलै 2015 मध्ये आली, आणि तिचा आधार ऑक्टोबर 2025 पर्यंत राहील हे मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी जाहीर केले होते. तेव्हा तारीख अचानक आली अशी तक्रार करणे न्याय्य होणार नाही. पण पूर्वीचा अनुभव असा की जुनी प्रणाली निवृत्त झाली की त्याच यंत्रावर, थोडी मेमरी वाढवून का होईना, नवी बसवता येई. विंडोज 11 ची घोषणा जून 2021 मध्ये झाली तेव्हा तिच्यासोबत नव्या अटी आल्या. टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चकती हवी, आणि प्रोसेसर मान्य यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून, म्हणजे 2017 च्या उत्तरार्धापासून सुरू होते. माझ्या यंत्रात सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे. टीपीएमची सोय त्यात होती, बायोसमध्ये जाऊन ती चालूही करता आली. पण यादीत नाव नाही. खात्यांतर्गत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला जन्मसालामुळे बढती नाकारावी, तसा हा प्रकार. यंत्र घेताना खोक्यावर किंमत होती, उत्पादनाचा महिना होता, पत्ता होता. ते किती वर्षे सुरक्षित राहील हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते.

येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. "जुने चालते आहे ना, मग चालू द्या," हा आपल्या प्रशासनाचा आवडता मंत्र आहे, आणि संगणकाच्या बाबतीत तो घातक आहे. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील 236 ट्रस्टांपैकी सुमारे एकतृतीयांश ट्रस्टांचे काम त्याने विस्कळीत केले. हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्ये, दिलेली होती. ज्यांनी ती बसवली ते बहुतांशी वाचले. बळी पडलेल्या यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज 7 ची होती, म्हणजे तेव्हा आधार चालू असलेल्या प्रणालीची. नुकसान केले ते यंत्राच्या वयाने कमी आणि देखभालीच्या आळसाने अधिक. म्हणून सुरक्षा-सुधारणा थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करत राहावे, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

मग मी काय केले? प्रशासनात एखादी योजना गुंडाळताना आधी दप्तर ताब्यात घ्यायचे आणि मग कुलूप लावायचे, असा दंडक आहे. तोच क्रम मी पाळला.

प्रथम सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या. त्यांत केवळ दस्तऐवज न घेता फाँटच्या फाइलीही घेतल्या. बहुतेकांची चूक येथेच होते. दस्तऐवज नेतात आणि फाँट मागे राहतो.

दुसरे काम लिप्यंतराचे. जुन्या फाँटची फाइल नव्या यंत्रात बसवली तर मजकूर दिसू लागतो, हे खरे. पण त्यात शब्द शोधता येत नाही, तो मोबाइलवर वाचता येत नाही, आणि दुसऱ्याला पाठवला की पुन्हा चिखल. म्हणून तो युनिकोडमध्ये आणणे हाच खरा उपाय. यासाठीची परिवर्तक-साधने महाजालावर मिळतात. आपल्या फाँटला जुळणारे शोधावे लागते. पण यंत्रावर सगळा भार टाकता येत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराची गत याच्या उलट. परिवर्तकाला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षरांपाशी तो अडखळतो. 'कुऱ्हाड', 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ्ह-ऱ्य तर त्याला हमखास चकवतो, कारण हिंदीला तो लागत नाही. एकशे ऐंशी पाने मी ओळ न् ओळ तपासली. सहा आठवडे लागले. आईच्या लेखनात 'दऱ्या' पानोपानी होत्या; पाटणची बाई दुसरे काय लिहिणार!

तिसरे, यंत्राचा प्रश्न. जुनी हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी बसवली आणि तिच्यावर उबुंटू ही लिनक्सची 2024 ची आवृत्ती घातली. तिला एप्रिल 2024 पासून पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. तिच्यात युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो, लिब्रेऑफिस विनामूल्य आहे. अडचणी आल्या नाहीत असे नाही. माझा जुना स्कॅनर तिने ओळखला नाही, आणि डिजिटल स्वाक्षरीची काही साधने अजूनही विंडोजच मागतात. ज्यांना ते जमण्यासारखे नाही त्यांच्यासाठी 2025 मध्ये आणखी एक मार्ग जाहीर झाला. वैयक्तिक ग्राहकांना विंडोज 10 च्या सुरक्षा-सुधारणा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंग्ज जतन केल्यास विनामूल्य, अन्यथा तीस डॉलर भरून. यातही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना ही सवलत सेटिंग्ज जतन करण्याच्या अटीशिवाय देण्यात आली. तेथील ग्राहक-संघटनांनी हरकत घेतली होती. आपण घेतली नव्हती.

आता प्रश्न धोरणाचा. नागरिकाच्या घरातील साधन कधी निरुपयोगी ठरावे, हे ठरवताना राज्यसंस्थेला काहीच म्हणायचे नसावे का? मला वाटते तीन गोष्टी सहज शक्य आहेत.

पहिली, खोक्यावर तारीख. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. फ्रिज किती वीज खाईल हे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ताऱ्यांवरून अशिक्षित माणसालाही कळते. मग संगणक आणि मोबाइल यांच्यावर "सुरक्षा-सुधारणा अमुक महिना व वर्षापर्यंत" ही एक ओळ का नसावी? युरोपीय संघाने डिसेंबर 2024 मध्ये अमलात आलेल्या सायबर प्रतिकारक्षमता कायद्यात नेमकी हीच तरतूद केली आहे. उत्पादकाने सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे आधार द्यायचा आणि त्याची अखेर खरेदीच्या वेळीच सांगायची. तिची मुख्य बंधने डिसेंबर 2027 पासून लागू व्हायची आहेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. त्याच धाग्याला ही एक गाठ मारता येईल.

दुसरी, खुली मानके. केंद्र शासनाचे ई-शासनासाठीचे खुल्या मानकांचे धोरण 2010 चे आणि मुक्तस्रोत प्रणालींचे धोरण 2015 चे आहे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली 2007 पासून आहे. धोरण आहे, प्रणाली आहे. पण निविदेच्या अटी लिहिणारा कनिष्ठ अधिकारी मागच्या वर्षीची निविदा समोर ठेवून तारीख बदलतो, आणि धोरण तसेच राहते. सरकारी सेवेसाठी नागरिकाला विशिष्ट कंपनीची प्रणाली विकत घ्यावी लागू नये, ही अट प्रत्येक निविदेत एका ओळीने घालता येते.

तिसरी, टाकून दिलेल्या यंत्रांची वाट. ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांत उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे. तरीही यमुनेपलीकडे सीलमपूरच्या गल्ल्यांत तांब्यासाठी तारा जाळणे आणि धातूसाठी सर्किट आम्लात बुडवणे वर्षानुवर्षे चालत आले. द्वारकेतल्या दुकानात एक्सचेंजमध्ये दिलेले यंत्र कोठे जाते, हे आपण विचारत नाही. आणखी पाच वर्षे चालू शकणारे यंत्र यादीत नाव नाही म्हणून भंगारात जाते, तेव्हा त्याचा धूर कोणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो.

शासन हे सारे करील तेव्हा करील. तोवर घरोघरच्या वाचकांनी एक रविवार काढावा. जुना संगणक, जुन्या सीड्या, कपाटातील हार्ड डिस्क बाहेर काढावी. त्यांत वडिलांची पत्रे, आजीच्या पाककृती, मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त असे जे जुन्या फाँटमधील मराठी असेल, ते आधी युनिकोडमध्ये आणावे आणि मगच यंत्राचा निरोप समारंभ करावा. परप्रांतात आणि परदेशात हे काम अधिक निकडीचे आहे. पुण्यात एखादा मजकूर हरवला तर त्याची दुसरी प्रत कोणाकडे तरी सापडण्याची आशा असते. येथे आपल्या घरातली प्रत हीच बहुधा शेवटची असते.

तपासून झालेली एकशे ऐंशी पाने मी दिवाळीनंतर सगळ्या नातवंडांना पाठवली. बंगळुरूला असलेली माझी पुतणी मेट्रोत उभ्या उभ्या मोबाइलवर ती वाचते. परवा तिने फोनवर विचारले, "काका, भूकंपाच्या रात्री आजी शाळेचं हजेरीपत्रक आणायला परत आत का गेली?" या प्रश्नाचे उत्तर त्या लेखनात नाही, आणि आता ते देणारेही कोणी नाही. पण प्रश्न विचारला गेला, तो मजकूर वाचता आला म्हणून.

दुकानदाराला मी अजून कळवलेले नाही की ते कबाड दररोज सकाळी सहाला सुरू होते.